किरकोळ सुधारणा व दुरुस्त्या

६ जानेवारी २०२५, सोमवार

चार दिवसांनी नळाला पाणी आलं, तेही पहाटे साडेचारला. टाकी भरेपर्यंत झोपायचं नाहीच, म्हणून संगणक उघडला. तिथं वीस तक्रारी तुंबलेल्या. ‘सांगावा’ची मालकीण मी आणि मोलकरीणही मीच.

बारा वर्षांपूर्वी एम.ई.च्या प्रकल्पासाठी ही लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये बसवता येईल असा तयार कोड, लिहिली. एका संस्थेच्या संगणकानं दुसऱ्या संस्थेच्या संगणकाला निरोप पाठवला की तो नीट पोचवायचा आणि पाठवणाऱ्याला पोच द्यायची, एवढंच तिचं काम. फुकट आहे, कोड सगळ्यांना खुला आहे, कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा. वापरणारे चिक्कार झाले. सुधारायला बारा वर्षांत एक पोलिश मुलगा आला, त्यानं माहितीपत्रकातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला. त्याचं नाव मी आभारात टाकलंय.

आजची तक्रार मात्र खरी आहे. रत्नदीपची. हा शहरातल्या एका रक्तपेढीत संगणकाचं सगळं बघतो. आसपासच्या तालुक्यांतले दवाखाने तिथं रक्ताची मागणी टॅबवरून पाठवतात आणि ती ‘सांगावा’मार्फत पेढीच्या पडद्यावर येते. दुधनीच्या एका प्रसूतिगृहाची एकच मागणी परवा तीनदा आली. तिकडं नेटवर्क कच्चं, पेढीची पोच वाटेत हरवते. पोच आली नाही की ॲप आपणहून पुन्हा पाठवतं. पेढीत नियम असा की तातडीची मागणी आली की विचारत बसायचं नाही, गाडी सोडायची. तीनदा गाडी गेली. “एकदा बाहेर हिंडलेलं रक्त परत फ्रिजात ठेवता येत नाही मॅडम,” रत्नदीप म्हणाला. “चार पिशव्या टाकून दिल्या. देणाऱ्यांची नावं मला पाठ आहेत.”

वाईट वाटलं. कॉलेजातल्या कंत्राटी नोकरीपेक्षा हे काम मला जास्त आपलं वाटतं, हे कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून इथं लिहिते.

८ जानेवारी

दुपारी जेवताना मामांनी विचारलं, “काय गं भुवना, तोंड का उतरलंय?”

मामा म्हणजे माझे सासरे, चनबसप्पा. एकतीस वर्षं सोलापूरच्या तार ऑफिसात होते. आता एक्याऐंशी. बसवराज माढ्याकडच्या साखर कारखान्यावर, गाळप चालू असेपर्यंत रविवारीच उगवतो, त्यामुळे घरात बोलायला आम्ही दोघंच. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं.

“मग नंबर न्हाय व्हय त्याला?” मामा म्हणाले. “तारेला नंबर असायचाच. नंबर बगायचा, मजकूर न्हाय बगायचा.”

“तेच तर रडगाणं आहे मामा. प्रत्येक निरोपाला क्रमांक असावा असा नियमच आहे. पण दवाखान्यांतलं ॲप जुनं, ते क्रमांक टाकतच नाही, आणि ते करणारी कंपनी बंद पडली. म्हणून मी मजकूरच बघणार. तोच दवाखाना, तोच रक्तगट, तेवढ्याच पिशव्या, पंधरा मिनिटांच्या आत. म्हणजे तीच मागणी.”

“आनि दोन घरात एकदम मरन आलं मंजे?”

“म्हणजे काय?”

“आई वारली, ताबडतोब निघा. एका दिवसात तीन-तीन तारा यायच्या तशा, अक्षर न अक्षर सारकं. आमी तिन्ही पोचवायचो की.”

“त्यांच्यावर पत्ते वेगळे असायचे.”

“असायचे की. तुज्यात काय असतं?”

“बाईचं नाव असतं. नाव वेगळं म्हणजे मजकूर वेगळा.” मी जरा तोडूनच बोलले. एकदा तारेवर गाडी आली की मामा १९७२ च्या दुष्काळापर्यंत जाऊन थांबतात. त्यांनी ताटात शेंगाचटणी वाढून घेतली.

११ जानेवारी, शनिवार

झालं! साठ ओळींत काम झालं. क्रमांक नसलेला निरोप आला की त्याच्या मजकुराचा ठसा काढायचा, गेल्या पंधरा मिनिटांत तसाच ठसा येऊन गेला असेल तर हा निरोप जुनाच समजायचा. पुढं पाठवायचा नाही, पण पाठवणाऱ्याला पोच मात्र द्यायची, म्हणजे ॲप गप्प बसेल आणि पुन्हा पुन्हा पाठवत राहणार नाही. टॅबवर हिरवी खूण उमटली की नर्सबाईही निश्चिंत.

असे गिळलेले निरोप मुख्य नोंदवहीत लिहायचे नाहीत असं ठरवलं. उगाच गर्दी. वेगळ्या फाइलीत जातील, कुणाला बघायचे तर बघेल.

कोडमध्ये त्या ओळींच्या वर लिहून ठेवलं: ‘तंतोतंत सारखे दोन वेगळे निरोप प्रत्यक्षात येत नाहीत.’ वाचून बरं वाटलं. बाई ठाम आहेत असं वाटतं.

१५ जानेवारी

काल संक्रांत, आज नवं व्हर्जन सोडलं. काय बदललं ते लिहायच्या जागी सविस्तर लिहिणार होते, पण सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जायचं म्हणून मामा कोट घालून दारात उभे. ‘किरकोळ सुधारणा व दुरुस्त्या’ असं टाकलं आणि निघाले. नाहीतरी ते कोण वाचतं?

संध्याकाळी रत्नदीपचा निरोप आला. त्यानं दुपारीच बसवलं. “मॅडम, दुधनीहून एक मागणी चार वेळा आली, पडद्यावर एकदाच दिसली. एकच गाडी गेली. तुमचे उपकार आहेत.” बारा वर्षांत हा शब्द पहिल्यांदा ऐकला. मामांना मुद्दाम वाचून दाखवला. “लई झ्याक,” म्हणाले. मी त्यांना तारेची आठवण करून दिली नाही, एवढा मोठेपणा दाखवला.

२ फेब्रुवारी

काही नाही. पेपर तपासणी. एका मुलानं ‘संदेशवहन म्हणजे काय’ याचं उत्तर सहा पानं लिहिलंय, त्यात संदेशवहन कुठंच नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी रत्नदीपचा फोन. आवाज पडलेला. शनिवारी दुपारी दुधनीच्या त्या प्रसूतिगृहात एक बाई गेली. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना आणि रक्त वेळेवर मिळालं नाही. बाळ आहे.

त्याच वेळी तिथं दुसरीही एक बाई अडलेली होती. तिच्यासाठी रक्त मागवलं, ते गेलं, ती वाचली. या बाईसाठी नर्सनं मागणी पाठवलीच नाही. तीन वाजता घाबरून फोन केला, तेव्हा पेढीतून दुसरी गाडी निघाली. सोलापूरहून दुधनी म्हणजे सव्वा तास. गाडी पोचली तेव्हा संपलं होतं.

“नर्स म्हणते दोन्ही मागण्या पाठवल्या,” रत्नदीप म्हणाला. “पण आपल्याकडं एकच आलीय मॅडम. चौकशी समिती बसलीय. नातेवाईक पेढीवर आले होते, आमच्या साहेबांच्या टेबलावरची काच फोडली. तुम्ही लायब्ररी लिहिणाऱ्या, तुमचं एक पत्र मिळालं तर आमच्यावरचं बालंट टळेल.”

त्यानं पाठवलेली नोंदवही उघडून बघितली. शनिवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, दुधनी, बी पॉझिटिव्ह, दोन पिशव्या, तातडीची. एकच ओळ. पत्र लिहून दिलं: ‘नोंदी तपासल्या असता संदेशवहनात कोणताही दोष आढळला नाही.’ खाली सही, शिक्षण, कॉलेजचं नाव.

राग आला. एका बटणाचं काम! एक बोट लावायचं होतं. आपल्याकडं माणसाच्या जिवाची किंमत नाही, कामचुकारपणा रक्तात भिनलाय आणि वर खोटं बोलायचं. त्या लेकराला कोण सांगणार की तुझी आई का गेली? संताप संताप झाला. भाकरी करपली.

२० फेब्रुवारी

रत्नदीपनं आभार मानायला फोन केला. माझ्या पत्रानं काम झालं. समितीनं नर्सला समोर बसवून ते वाचून दाखवलं. दीक्षा नाव तिचं, सव्वीस-सत्तावीसची असेल, कुंभारीची. आधी दोन दिवस ठाम होती. पत्र वाचल्यावर ‘घाईत दुसरी मागणी पाठवायची राहून गेली असावी’ असं लिहून देऊन सही केली. कामावरून काढलं.

“शेवटपर्यंत एकच सांगत होती, हिरवी खूण दिसली म्हणून,” रत्नदीप म्हणाला. “दोनदा दिसली म्हणे. लोक काय काय बनवतात मॅडम.”

कॉलेजात दोन तास घेतले. दुसऱ्या तासाला फळ्यासमोर उभी राहिले आणि काय शिकवायचं तेच आठवेना. रक्तदाब असेल. शनिवारी दाखवून येते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रक्तदाब नाही.

रत्नदीपकडून ती दुसरी फाइल मागवली, गिळलेल्या निरोपांची. त्याला कारण सांगितलं नाही. त्यानं ती कधी उघडलीही नव्हती, अशी काही फाइल आहे हेच त्याला माहीत नव्हतं. कसं असेल? मी कुठं लिहिलंच नव्हतं.

शनिवार, दुपारी दोन वाजून चौदा मिनिटं. दुधनी, बी पॉझिटिव्ह, दोन पिशव्या, तातडीची. शेवटी माझे शब्द: ‘पूर्वीचाच निरोप, पुढे पाठवला नाही, पोच दिली.’

पोच दिली. तिच्या टॅबवर हिरवी खूण उमटली. ती मी उमटवली.

नावाच्या रकान्यात दोन्हीकडं एकच शब्द, ‘बाळंतीण’. मी रत्नदीपला अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की नाव का नसतं. तो म्हणाला, “तिकडचे सगळे दवाखाने तसंच करतात मॅडम. बाई बाळंतपणाला माहेरी येते, तिथं तिला माहेरच्या नावानं ओळखतात, आणि आधार कार्डावर सासरचं. लग्नात नावच बदललेलं असतं ना. मागणीवर एक नाव आणि केसपेपरवर दुसरं असलं की आमचे लोक पिशव्या परत आणायचे. म्हणून नर्स लोक नाव टाकतच नाहीत. पिशवी हातात आली की मग केसपेपर बघून लिहितात. पहिल्यापासून तसंच आहे.”

माझंही नाव लग्नात बदलायचं चाललं होतं. तांदळाचं ताट आलं होतं, मी पदवीचं प्रमाणपत्र पुढं करून थांबवलं. पुण्याच्या नाहीतर अमेरिकेतल्या माणसानं ही चूक केली असती तर एक वेळ समजलं असतं. मी इथली आहे. मला कळायला हवं होतं.

मी त्या बाईला मारलं. लिहून बघितलं. पुसलं नाही.

२२ फेब्रुवारी

बसवराजला फोनवर सांगितलं. मागं यंत्राचा आवाज होता. म्हणाला, “तू फुकट दिलेली वस्तू आहे. परवान्यात लिहिलंय ना, कसलीही हमी नाही? मग झालं तर. कुणाजवळ बोलू नकोस. रविवारी येतो.”

परवाना काढून वाचला. खरंच लिहिलंय. ‘कोणत्याही नुकसानीस लेखक जबाबदार राहणार नाही.’ लेखक म्हणजे मीच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

विचार केला. नीट, डोकं थंड ठेवून. एक, ती बाई परत येणार नाही. दोन, दीक्षानं स्वतः लिहून दिलंय आणि प्रकरण मिटलंय. ते उकरलं तर पेढीवर येईल, रत्नदीपवर येईल, त्याच्या घरी म्हातारे आईवडील आहेत. तीन, ‘सांगावा’ बंद पडली तर जिथं जिथं ती चालू आहे तिथले निरोप कोण पोचवणार? दीक्षा तरुण आहे, शिकलेली आहे. नर्सना कुठंही नोकरी मिळते. सोलापुरात काय दवाखाने थोडे आहेत?

तेव्हा मी चूक दुरुस्त केली, आणि तेच महत्त्वाचं आहे. आता क्रमांक नसलेला निरोप गिळायचा नाही. पुढं पाठवायचा आणि पडद्यावर ‘पुन्हा आलेला असू शकतो, फोन करून खात्री करा’ असं दाखवायचं. अकरा ओळी लागल्या. जानेवारीतही अकराच लागल्या असत्या.

नवं व्हर्जन दुपारी सोडलं. काय बदललं त्या जागी बराच वेळ बोटं नुसती ठेवून बसले. मग लिहिलं: ‘किरकोळ सुधारणा व दुरुस्त्या.’

रात्री नीट जेवले. दोन भाकऱ्या. बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

बरं वाटलं वगैरे काही नाही. परवाच्या त्या दोन भाकऱ्या उलटून पडल्या, ते लिहायचं टाळलं होतं.

मामांचा उपास. त्यांना राजगिऱ्याचा लाडू दिला आणि बोलायचं नाही असं ठरवलेलं असताना सगळं बोलून टाकलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, मी सांगितलं होतं. ते तसं म्हणाले असते तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. त्यांनी लाडू परत ताटलीत ठेवला.

“त्या पोरीला सांगितलंस व्हय?”

“कुणाला?”

“नर्सला.”

“सांगून काय होणार मामा? सही करून बसलीय ती.”

“तुजं पत्र बगून केली की सही.”

मी म्हणाले, ती नोकरी शोधेल, प्रकरण मिटलंय, रत्नदीपचे आईवडील म्हातारे आहेत. सोमवारची सगळी यादी म्हणून दाखवली. मामा ऐकत होते. मग म्हणाले, “शिवा शिवा,” आणि उठून आत गेले. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. लग्नाला सतरा वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी समितीला, पेढीला आणि प्रसूतिगृहाला पत्र लिहिलं. सगळं, वेळेसकट. ती फाइल जोडली. माझं आधीचं पत्र चुकीचं होतं असं स्पष्ट लिहिलं. पाठवलं. 

३ मार्च, सोमवार

उत्तर आलं. समिती गेल्याच आठवड्यात बरखास्त झाली, अहवाल सादर झाला. पेढीच्या साहेबांनी फोन केला, फार गोड बोलले. “मॅडम, तुमची मन:स्थिती समजू शकतो. पण तुमच्याच सहीचं एक पत्र फाइलीत आहे, दोष नाही म्हणून. आता दुसरं आलंय, दोष आहे म्हणून. आम्ही कुठलं धरायचं? आणि संबंधित नर्सनं कबुली दिलेली आहे. दुधनीच्या लोकांचंही तेच मत आहे. विषय संपलाय.”

“तिनं माझ्या पत्रामुळं कबुली दिली.”

“तसं तिनं कुठं लिहिलेलं नाही,” साहेब म्हणाले.

मग रत्नदीप. तो रडत होता. “मॅडम, मला आधी सांगायचं ना! ते व्हर्जन मी बसवलंय. त्या फाइलीवर माझं नाव आहे. साहेब म्हणाले, बाई गप्प बसल्या नाहीत तर तू घरी जाशील. तुम्हाला उपकार म्हणालो होतो मी.” फोन ठेवला. नंतर लागला नाही.

खोटं पत्र पाच मिनिटांत चाललं. खऱ्याला कुणी हात लावायला तयार नाही. जन्मभर मी मुलांना शिकवलं की नोंद पक्की ठेवा, सत्य नोंदीत असतं. नोंद माझ्या हातात आहे आणि तिचा काडीचा उपयोग नाही.

लायब्ररीच्या पानावर जाऊन ‘किरकोळ’ ही ओळ काढली. तिथं लिहिलं की जानेवारीतल्या व्हर्जनमुळं दुधनीत रक्ताची एक मागणी गिळली गेली, एका बाईचा जीव गेला, निर्दोष नर्सची नोकरी गेली, चूक माझी, कुणी ते व्हर्जन वापरत असाल तर आत्ता बंद करा. खाली नाव. संध्याकाळपर्यंत एकानं अंगठा उमटवला. अंगठा वरच्या दिशेचा होता.

६ मार्च, गुरुवार

आज कुंभारीला गेले. कॉलेजात रजा टाकली. पत्ता प्रसूतिगृहातल्या एका मावशीनं फोनवर दिला, तोही “मी दिला म्हनू नका” असं दोनदा सांगून.

विडी कामगारांच्या वसाहतीत घर, एकसारख्या घरांची लांबच लांब ओळ. दार उघडंच होतं. आत मीनाबाई, दीक्षाची आई, सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत होती. शेजारी दीक्षा, तिच्याही मांडीवर सूप. नर्सिंगची पदवी घेतलेली मुलगी पानं कापत होती. माझ्याकडं बघितलं आणि कात्री चालूच ठेवली.

मी नाव सांगितलं. पत्रावरचं नाव तिला पाठ होतं, लगेच ओळखलं. “या,” म्हणाली. बसायला पोतं सरकवलं. तसं तिनं का केलं कोण जाणे. मी उभी राहिले असते तर बरं झालं असतं.

सांगितलं. पाठ करून गेले होते, तरी उलटसुलट झालं. फाइलीचा कागद पुढं केला, दोन वाजून चौदा मिनिटांच्या ओळीवर बोट ठेवलं. तिनं कागद हातात घेतला, दोनदा वाचला.

“म्हणजे मी पाठवली होती?”

“हो.”

“दुसरी. मी पाठवली होती.”

“हो दीक्षा. तू पाठवली होतीस.”

“मला वाटाय लागलं होतं की मी न्हाईच पाठवली,” ती म्हणाली. “आधी पक्कं आठवत होतं. मग तुमचं पत्र वाचलं. एवढ्या शिकलेल्या बाई खोटं कशाला लिवतील? मग रोज आठवून बघायचे. कधी दाबलेलं दिसायचं, कधी न्हाई. आता तर दिसतच न्हवतं.”

मी म्हणाले, मी सगळीकडं लिहून देईन, पुन्हा देईन, कोर्टात येईन. ती ऐकत नव्हती. कागदाकडंच बघत होती.

“माज्या हातात फोन होता,” दीक्षा म्हणाली. “पेढीला लावणारच होते. नेहमी लावते मी, मागणी पाठवली तरी. दोघी एकदम म्हणून जीव घाबरला होता. तेवढ्यात हिरवी खूण आली. म्हटलं पोचली. फोन ठेवला आणि तिच्यापाशी जाऊन बसले. तिला सांगितलं, ताई, गाडी निघालीय, दम धरा. ती सारखी विचारत होती, आली का, आली का. मी म्हणत होते, निघालीय. पाऊण तास.”

ती खूण नसती तर तिनं फोन केला असता. मी काहीच दुरुस्त केलं नसतं, तर मागणी पेढीत पोचली असती, कदाचित दोनदा, कदाचित चारदा. चार पिशव्या वाया गेल्या असत्या.

मीनाबाईनं सूप खाली ठेवलं. “बाई, तुमी आत्ता जे सांगितलं ते जरा भायेर येऊन सांगा.”

“आई, राहू दे,” दीक्षा म्हणाली.

“का राहू दे? पंधरा दिस झालं, नळावर गेलं की बाया गप बसत्यात. माजी लेक मानूस मारून आली म्हनत्यात. भायेर चला. जरा मोठ्यानं सांगा.”

मी ओट्यावर जाऊन उभी राहिले. मीनाबाईनं हाका मारल्या. सात-आठ बाया आल्या, दोन म्हातारे, कुणी सूप घेऊनच दारात आलं. माझं नाव भुवनेश्वरी, म्हणाले, मी सोलापूरला कॉलेजात शिकवते. दुधनीला एक बाई गेली, त्यात दीक्षाची काही चूक नव्हती. तिनं मागणी पाठवली होती. ती माझ्यामुळं पोचली नाही. आणि नंतर मी खोटं पत्र दिलं.

एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, “मग ही मोकळी कशी?”

आतून दीक्षाचा आवाज आला, “एक बाई एक बाई काय म्हणताय? नाव घेऊन सांगा.”

मी मागं वळले. मला नाव माहीत नव्हतं. मी ते विचारलंच नव्हतं, रत्नदीपला नाही, साहेबांना नाही, समितीला लिहिलेल्या तीन पानांतही नव्हतं.

दीक्षा उंबऱ्यापाशी आली. तिच्या हाताला तंबाखू लागलेली होती, डोळे पुसता येत नव्हते, तिनं पुसलेही नाहीत. “दाक्षायणी,” ती म्हणाली. “माहेरचं. सासरी रुपाली म्हणायचे. मला म्हणाली होती, सिस्टर, दोनी लिवा, कुणाचा रुसवा नको.”

बाया थांबल्या होत्या. मी पुन्हा त्यांच्याकडं तोंड केलं आणि दोन्ही नावं घेऊन पहिल्यापासून सांगितलं.